पाण्याच्या जाळ्यांत धरलेलें औषध

वैशाखांतल्या उन्हांत मुंबईहून अहमदाबादेकडे निघालेला प्रवासी मनोरजवळच्या मस्तान नाक्यावर पोहोंचला, म्हणजे त्यास दोन वाटा फुटलेल्या दिसतात. पश्चिमेची वाट पालघर आणि बोईसर-तारापूरच्या कारखान्यांकडे जाते. पूर्वेची विक्रमगड-जव्हारच्या डोंगराळ मुलखाकडे चढते. या साऱ्या प्रदेशांत उन्हाळ्याची तहान भागविणारी एक वस्तु सर्वांच्या ओळखीची आहे, ती म्हणजे ताडगोळा. ताडाच्या कोंवळ्या फळांतून काढलेला हा गोळा सोलून हातावर घेतला, तर तो ओल्या कांचेसारखा अर्धपारदर्शक, थंड व लिबलिबीत लागतो. बोटानें दाबला तर लवतो; सोडला तर पुन्हां पहिल्यासारखा होतो. त्याचा बहुतेक भाग निव्वळ पाणी असतो. मग हें पाणी बोटांमधून ओघळून कां जात नाहीं? पाण्यास हा आकार कोणी दिला?

ताडगोळ्याच्या गरांत शर्करेच्या कणांपासून झालेल्या लांबच लांब साखळ्या असतात. त्या एकमेकींत गुंतून डोळ्यांस न दिसणारें एक जाळें विणतात आणि पाणी त्या जाळ्याच्या घरांत अडकून राहतें. जाळें पाण्यास वाहूं देत नाहीं आणि पाणी जाळ्यास मिटूं देत नाहीं. सब्जाचें बी भिजत घातलें कीं त्याभोंवतीं जें चकचकीत आवरण फुगतें, पेल्यांतला इसबगोल जसा घट्ट होत जातो, चायना ग्रास दुधांत विरघळवून निवत ठेवली कीं जशी थिजते, कोरफडीचें पान चिरल्यावर जो गर हाताला लागतो, त्या सर्वांच्या मुळाशीं हीच रचना आहे. शास्त्रज्ञ अशा पदार्थास हायड्रोजेल म्हणतात. स्वयंपाकघरांत शेकडों वर्षें वावरत असलेल्या या पदार्थाकडे वैद्यकाचें लक्ष कां वळलें, हें समजण्यासाठीं प्रथम एका विशिष्ट जातीच्या औषधांची ओळख करून घेतली पाहिजे.

या औषधांस पेप्टाइड असें नांव आहे. अमायनो आम्लें हे जणुं निरनिराळ्या रंगांचे मणी. ते एकामागून एक ओंवले कीं पेप्टाइडाची माळ तयार होते. माळ बरीच लांब असून तिच्या विशिष्ट घड्या पडल्या, म्हणजे तिला प्रथिन म्हणतात. शरीरांतील कित्येक निरोप अशाच माळांच्या द्वारें एका अवयवाकडून दुसऱ्याकडे जातात. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध निरोप्या म्हणजे इन्सुलिन. स्वादुपिंडांतून तें रक्तांत उतरतें आणि रक्तांतील साखरेला पेशींची दारें उघडून देतें. त्यांत एकवीस व तीस मण्यांच्या दोन माळा एकमेकींस जोडलेल्या असतात. हा एक्कावन्न मण्यांचा क्रम केंब्रिज येथील फ्रेडरिक सँगर यांनीं उलगडला आणि त्यासाठीं त्यांस १९५८ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें.

इन्सुलिनची कथा पुष्कळांस ठाऊक असेल. १९२१ सालीं कॅनडांतील टोरोंटो येथें बँटिंग व बेस्ट यांनीं जनावरांच्या स्वादुपिंडांतून हा अर्क काढला आणि जानेवारी १९२२ मध्यें लिओनार्ड थॉम्प्सन नांवाच्या चौदा वर्षांच्या मुलास तो टोंचण्यांत आला. पहिल्या खेपेस फारसा उपयोग झाला नाहीं. कॉलिप या रसायनज्ञानें अर्क अधिक शुद्ध केल्यावर त्याच महिन्यांत पुन्हां टोंचला, तेव्हां मुलाच्या रक्तांतील साखर उतरली. तोंवर मधुमेहानें खंगलेल्या मुलाच्या आईबापांना वाट पाहण्यापलीकडे कांहीं करतां येत नसे. त्या दिवसापासून तें चित्र पालटलें.

परंतु औषध सांपडलें तरी दोन अडचणी कायम राहिल्या, आणि शंभर वर्षांनंतरही त्या पुरत्या सुटलेल्या नाहींत. पहिली अडचण पोटाची. पेप्टाइड हें शेवटीं डाळीच्या व दुधाच्याच जातीचें अन्न आहे. तें गिळलें कीं जठरांतील आम्ल व पाचकरस माळ तोडून मणी वेगळे करतात. निरोप वाचला जाण्यापूर्वींच पत्र फाटतें. म्हणून इन्सुलिन बहुधा सुईनेंच घ्यावें लागतें. मधुमेहावरील सेमाग्लुटाइड या पेप्टाइडाची गोळी २०१९ सालीं प्रथम अमेरिकेंत मान्य झाली खरी. पण एका साह्यकारी द्रव्याच्या सोबतीनेंही त्या गोळींतील शंभर भागांपैकीं सुमारें एकच भाग रक्तापर्यंत पोहोंचतो.

दुसरी अडचण वेळेची, आणि तीच अधिक बिकट आहे. निरोप पोहोंचला कीं तो पुसून टाकावा, असा शरीराचा नियम आहे. नाहींतर कालची आज्ञा आजही चालूं राहील. त्यामुळें रक्तांत शिरलेल्या इन्सुलिनपैकीं निम्मा भाग चार-सहा मिनिटांत नाहींसा होतो. जेवणानंतर आंतड्यांतून स्रवणारें जीएलपी-१ हें पेप्टाइड तर सुमारें दोन मिनिटांतच निम्मं उरतें. निरोगी शरीरांत ग्रंथि हा पुरवठा क्षणोक्षणीं चालूं ठेवते. ग्रंथीनें काम सोडलें कीं तीच जबाबदारी सुईवर येते. आणि सुई क्षणोक्षणीं टोंचतां येत नाहीं.

या अडचणीचें खरें वजन शहरांतील सुखवस्तु घरांत तितकेंसें जाणवत नाहीं. तेथें शीतकपाट असतें, कोपऱ्यावर औषधांचें दुकान असतें, हांकेच्या अंतरावर वैद्य असतो. मनोरहून जव्हारच्या वाटेवरील एखाद्या पाड्यावर राहणाऱ्या मधुमेही मुलीचें चित्र डोळ्यांपुढें आणावें. तिला दिवसांतून तीन-चार वेळां सुई घ्यावी लागते. न उघडलेली इन्सुलिनची कुपी दोन ते आठ अंश उष्णतेंत ठेवावयाची असते आणि वापरांत काढलेलीही फार तापूं द्यावयाची नसते. जेथें शीतकपाट नाहीं किंवा वीज वरचेवर जाते, तेथें ती ओलसर माठांत ठेवण्याचा प्रघात आहे, आणि तो निरुपायानें पडलेला आहे. कुपी संपली, पावसांत रस्ता बंद झाला, घरचें माणूस मजुरीस बाहेर गेलें, यांपैकीं एक गोष्ट घडली तरी दोन-चार दिवसांत जिवावर बेतूं शकतें. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीनें भारतांतील मधुमेह्यांची संख्या १० कोटी १० लक्ष ठरविली आहे. त्या सर्वांना सुई लागत नाहीं हें खरें, परंतु ज्यांना लागते, त्यांच्या दृष्टीनें “हें औषध एकदां घेतल्यावर किती दिवस पुरेल?” हा केवळ सोयीचा प्रश्न उरत नाहीं.

हा प्रश्न वैद्यकानें फार पूर्वींच ओळखला होता. डेन्मार्कमध्यें हागेडोर्न यांनीं १९३६ सालीं माशाच्या वीर्यांतून मिळणारें प्रोटामिन हें द्रव्य इन्सुलिनमध्यें मिसळलें. त्यामुळें त्वचेखालीं टोंचलेलें इन्सुलिन लगेच न विरघळतां हळूहळू सुटूं लागलें. १९४६ सालीं त्याच घराण्यांत एनपीएच हें स्फटिकरूप इन्सुलिन निघालें व तें आजही वापरांत आहे. खडीसाखरेचा खडा तोंडांत धरला तर साखरेच्या पुडीपेक्षां अधिक वेळ टिकतो, तेंच येथील तत्त्व. यामुळें तासांचा अर्धा-पाऊण दिवस झाला. पण आठवडा, महिना किंवा वर्ष गांठावयाचें, तर नुसता खडा पुरणार नव्हता. औषधास एखादें घर हवें होतें, कीं ज्याच्या भिंतींतून तें थोडें थोडें बाहेर पडेल आणि ज्याचा शरीरास उपद्रव होणार नाहीं.

तें घर प्राग येथें सांपडलें. ओटो विख्टर्ले व द्राहोस्लाव्ह लीम या दोन रसायनज्ञांनीं १९६० सालीं असें प्रतिपादन केलें, कीं शरीरांत ठेवावयाचा पदार्थ शरीरासारखाच पाणीदार असला पाहिजे. त्यांनीं एका कृत्रिम द्रव्याच्या साखळ्या अधूनमधून एकमेकींस टांचून असें जाळें तयार केलें, कीं तें पाण्यांत फुगे पण विरघळत नसे. १९६१ च्या नाताळांत विख्टर्ले यांनीं घरींच, मुलांच्या खेळण्यांतील लोखंडी पट्ट्या व सायकलचा डायनॅमो जोडून एक यंत्र उभें केलें आणि त्यावर या जेलचीं डोळ्यांत बसवावयाचीं मऊ भिंगें ओतलीं. आज जगांत कोट्यवधि लोक जीं मऊ भिंगें वापरतात, त्यांचा उगम त्या स्वयंपाकघरांतल्या टेबलावर आहे.

डोळ्यास जो पदार्थ सोसतो तो त्वचेखालींही सोसेल, हा तर्क पुढें खरा ठरला. त्याच जातीच्या जेलची एक पोकळ नळी करून तींत हिस्ट्रेलिन हें नऊ मण्यांचें पेप्टाइड भरण्यांत आलें. ही नळी साडेतीन सेंटिमीटर लांब व तीन मिलिमीटर जाड, म्हणजे आगपेटींतील काडीहून आंखूड पण तिच्याहून जाड असते. लहानशी चीर देऊन ती दंडाच्या आंतल्या बाजूस त्वचेखालीं सरकवितात. कांहीं मुलामुलींच्या शरीरांत तारुण्याचीं लक्षणें फार लहान वयांतच दिसूं लागतात. तीं थांबविण्यासाठीं अमेरिकेंत २००७ सालीं या नळीस मान्यता मिळाली. त्यापूर्वीं २००४ सालीं तशीच एक नळी पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगासाठीं मान्य झाली होती. आंत पन्नास मिलिग्रॅम औषध असतें आणि जेलच्या भिंतींतून रोज साधारण पासष्ट मायक्रोग्रॅम, म्हणजे मिलिग्रॅमचा सुमारें पंधरावा भाग, पाझरतो. हा पाझर वर्षभर चालतो. वर्षानें जुनी नळी काढून नवी बसवावयाची. एरवीं रोज किंवा दरमहा सुई घ्यावी लागणाऱ्या मुलास वर्षांतून एकदांच वैद्याकडे जावें लागतें.

ही भिंत औषधास इतक्या काटेकोरपणें कशी सोडते, हें पाहण्यासारखें आहे. जेलच्या जाळ्यांतील घरांचीं मापें नॅनोमीटरमध्यें मोजतात. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. इन्सुलिनचा एक रेणु सुमारें तीन नॅनोमीटर रुंद असतो, तर बहुतेक जेलांचीं घरें पांचापासून शंभर नॅनोमीटरपर्यंत असतात. मासळीच्या जाळ्याचे आंस किती मोठे ठेवावयाचे हें किनाऱ्यावरील कोळ्यास जसें मासा पाहून ठरवावें लागतें, तसेंच येथें आहे. घर रेणूहून लहान असेल तर औषध बाहेरच पडणार नाहीं. फार मोठें असेल तर पहिल्याच दिवशीं सारें निसटेल. पेप्टाइडें आकारानें लहान असल्यामुळें बहुधा दुसराच प्रकार घडतो. टोंचल्यावर पहिल्या कांहीं तासांत औषधाचा मोठा लोट बाहेर येतो आणि मागें थोडेंच उरतें. इन्सुलिनसारख्या औषधाच्या बाबतींत हा लोट प्राणावरही बेतूं शकतो. कारण रक्तांतील साखर एकाएकीं उतरली तर माणूस बेशुद्ध पडतो.

म्हणून नुसत्या जाळ्यावर विसंबून न राहतां शास्त्रज्ञांनीं औषधास जाळ्याशीं बांधण्याच्या युक्त्या काढल्या. एक युक्ति विद्युद्भाराची: जाळ्यावर ऋण भार व पेप्टाइडावर धन भार असला, कीं दोहोंची ओढ औषधास रेंगाळावयास लावते. दुसरी युक्ति रासायनिक गांठीची: औषध जाळ्यास अशा दुव्यानें जोडावयाचें कीं तो दुवा पाण्याच्या स्पर्शानें ठराविक गतीनेंच तुटावा. तिसरी, जाळेंच हळूहळू विरघळणारें करावयाचें, म्हणजे भिंत झिजेल तसतसें औषध मोकळें होईल आणि शेवटीं काढून टाकण्यास कांहीं उरणार नाहीं. कांहीं जेलें तर तुपाच्या उलट स्वभावाचीं असतात. तूप थंडीनें थिजतें. पोलोक्सामर नांवाचें द्रव्य योग्य प्रमाणांत पाण्यांत मिसळलें तर थंडपणीं पातळ राहतें आणि अंगाच्या उष्णतेनें घट्ट होतें. त्यामुळें तें साध्या सुईनें टोंचतां येतें व आंत गेल्यावर आपोआप जेल बनतें.

याहून नवलाची गोष्ट अशी, कीं कांहीं पेप्टाइडांना परक्या जाळ्याची गरजच लागत नाहीं. लॅन्रिओटाइड हें आठ मण्यांचें औषध शरीरांतील वाढीच्या द्रव्याचा अतिरेक आंवरण्यासाठीं देतात. तें पाण्यांत पुरेशा प्रमाणांत मिसळलें, कीं त्याचे रेणु आपण होऊन रांगेंत उभे राहतात, त्या रांगांच्या पोकळ नळ्या बनतात, आणि सारें मिश्रण जेलसारखें घट्ट होतें. तें अंगांत खोल टोंचलें म्हणजे चार आठवडे पुरतें. येथें औषध आणि त्याचें घर हीं दोन्ही एकच आहेत.

निसर्गानें ही युक्ति मनुष्याच्या फार आधीं साधलेली आहे. हें दाखविण्यांत ज्यांचा मोठा वांटा आहे, ते समीर माजी पुढें मुंबईस पवईच्या आयआयटींत प्राध्यापक झाले. ते परदेशीं संशोधन करीत असतां २००९ सालीं त्यांनीं व रोलंड रीक यांच्या गटानें असें दाखविलें, कीं मेंदूच्या तळाशीं असणाऱ्या पीयूषिका ग्रंथींतील अनेक पेप्टाइडें कणांच्या आंत घट्ट तंतूंच्या रूपानें सांठविलेलीं असतात. हे तंतु अमायलॉइड जातीचे होत. अल्झायमरसारख्या रोगांत मेंदूंत जे घातक थर सांचतात, तेही याच जातीचे. रोगाचें लक्षण म्हणून ज्यास सारें जग भीत होतें, तीच रचना निरोगी शरीर आपल्या द्रव्यांच्या कोठारासाठीं वापरतें, असें या शोधानें निदर्शनास आलें. त्याच गटानें त्यापूर्वीं २००८ सालीं कांहीं पेप्टाइड औषधांचे असेच तंतु करून त्यांतून औषध हळूहळू सुटतें असें दाखविलें होतें. पुढें पवईंतील प्रयोगशाळेनें अमायलॉइड तंतूंचीं जेलें तयार करून त्यांवर मूलपेशी वाढविल्या.

महाराष्ट्रांत जेलविद्येची परंपरा याहूनही जुनी आहे, आणि तिचा आरंभ औषधाऐवजीं शेतींत झाला. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनें १९८० च्या दशकांत ‘जलशक्ति’ हा पदार्थ तयार केला. तो आपल्या वजनाच्या कित्येक पट पाणी पिऊन फुगे व मातींत मिसळला असतां रोपाच्या मुळांशीं ओल धरून ठेवी. गोव्यांतील माशेल येथें जन्मलेले व मुंबईंत शिकलेले रघुनाथ माशेलकर हे १९८९ ते १९९५ या काळांत या प्रयोगशाळेचे संचालक होते. त्यांच्या व सहकाऱ्यांच्या संशोधनाचा एक मुख्य विषय म्हणजे जेल कसें फुगतें, कसें आकसतें आणि बाहेरील परिस्थितीस कसें प्रतिसाद देतें हा होय. २००६ सालीं वर्गीज, लेले व माशेलकर यांनीं धातूच्या भारित कणांच्या साह्यानें तुटलेलें जेल पुन्हां सांधतां येतें असें प्रसिद्ध केलें.

ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचें उदाहरण मनोरच्या वाचकास अधिक जवळचें वाटेल. तारापूर म्हटलें कीं १९६९ सालीं सुरू झालेलें अणुवीजकेंद्र डोळ्यांपुढें येतें व किरणांविषयीं मनांत भीति उभी राहते. पण त्याच अणुशास्त्राच्या दुसऱ्या शाखेनें जखमांवर ठेवावयाचें जेल घडविलें आहे. पॉलिव्हिनाइल अल्कोहोलच्या पाणीदार मिश्रणांतून गॅमा किरण सोडले, कीं साखळ्या एकमेकींस जोडल्या जातात व मिश्रण जेल होतें. त्याच वेळीं तें निर्जंतुकही होतें. भाजलेल्या जागेवर ही थंड, पारदर्शक चकती ठेवली म्हणजे जखम ओलसर राहते, आंत काय चाललें आहे हें वरून दिसतें आणि काढतांना नवी त्वचा ओढली जात नाहीं. कोरफडीच्या गरानें आजीबाई जें साधीत, त्याचेंच हें शास्त्रशुद्ध रूप. अशा चकतींत औषध भरणें ही त्यापुढची पायरी होय. मधुमेह्याच्या पायाच्या जखमेसाठीं वाढीस चेतना देणारें एक प्रथिन जेलमध्यें मिसळून लावण्यास अमेरिकेंत १९९७ सालीं मान्यता मिळाली, ती याच पायरीवरची.

आतां या शास्त्राचें सर्वांत मोठें स्वप्न पाहूं गेल्यास तें असें, कीं जेलनें औषध नुसतें हळूहळू न सोडतां योग्य वेळ ओळखून सोडावें. १९७८ सालीं अमेरिकेंत तोयोइची तानाका यांनीं दाखविलें, कीं बाहेरची परिस्थिति किंचित् बदलली तरी कांहीं जेलें एकदम कित्येक पट फुगतात वा आकसतात. या गुणाचा उपयोग करून निकोलस पेपास व त्यांच्या शिष्यांनीं असें जेल घडविलें, कीं तें जठराच्या आम्लांत मिटून राहतें व इन्सुलिनला पाचकरसांपासून वांचवितें; आंतड्यांत आम्ल ओसरलें कीं तें फुलतें आणि इन्सुलिन मोकळें करतें. दुसऱ्या कांहींनीं जाळ्यांत साखरेस ओळखणारीं द्रव्यें गुंफलीं आहेत. रक्तांत साखर वाढली कीं जाळें सैल पडावें, उतरली कीं घट्ट व्हावें, म्हणजे नष्ट झालेल्या ग्रंथीचें काम एका लहानशा गोळ्यानें करावें, ही त्यांची आकांक्षा आहे. प्रयोगशाळेंत हें घडतें. परंतु शरीरांत जेलचा प्रतिसाद जेवणाच्या वेगाहून मंद पडतो आणि साखर उतरल्यावरही कांहीं इन्सुलिन पाझरत राहतें. रोग्याच्या जिवाशीं गांठ असल्यामुळें येथें ‘बहुतेक बरोबर’ हें पुरेसें होत नाहीं.

महिनोन्महिने पुरणाऱ्या औषधाकडेही वाटचाल चालूं आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठांतील एरिक अपेल यांच्या गटानें २०२३ सालीं जीएलपी-१ जातीचें औषध टोंचतां येणाऱ्या जेलमध्यें भरून मधुमेही उंदरांना दिलें. एकच सुई सहा आठवडे पुरली. ग्लासगोच्या रसायनज्ञांनीं २०२४ सालीं निराळीच वाट दाखविली. त्यांच्या जेलमध्यें ठेवलेलें इन्सुलिन पंचवीस अंशांत व दुसरें एक प्रथिन पन्नास अंशांत टिकलें. आणि सुईंतून दाबून काढतांच जेल मागें राहून शुद्ध औषध बाहेर आलें. मे महिन्यांतील पत्र्याच्या छपराखालच्या घरांचा विचार केला, तर या दुसऱ्या शोधाचें मोल पहिल्याहून कमी नाहीं.

तथापि या सर्व वर्णनावरून वाचकानें भलती आशा बाळगूं नये. जेलमध्यें धरलेलें, महिनोन्महिने पुरणारें इन्सुलिन अद्याप कोणत्याही औषधाच्या दुकानांत मिळत नाहीं. जें दीर्घकाळ पुरतें त्याचे धोकेही दीर्घकाळ पुरतात: रोजची सुई चुकीची ठरली तर उद्यां ती बदलतां येते, महिन्याचें औषध एकदां आंत गेलें कीं बहुधा परत घेतां येत नाहीं. परकी वस्तु म्हणून शरीर जेलभोंवतीं तंतूंचें वेष्टण उभारूं शकतें आणि मग पाझर मंदावतो. शिवाय प्रत्येक मार्गास प्रतिस्पर्धी असतो. सेमाग्लुटाइडाच्या रेणूस एक स्निग्ध शेपूट जोडल्यामुळें तें रक्तांतील प्रथिनास चिकटून बसतें आणि जेलवांचूनच आठवडाभर पुरतें. शेवटची अडचण पैशाची. वर्षभर पुरणारी नळी करतां येते, पण ती पाड्यावरच्या मुलीपर्यंत पोहोंचेल अशा किंमतींत करतां येते कीं नाहीं, याचें उत्तर एकट्या प्रयोगशाळेला देतां येणार नाहीं. तें औषधें घडविणाऱ्या तारापूरसारख्या कारखान्यांच्या वसाहतींत आणि सरकारी दवाखान्यांच्या खरेदींत ठरणार आहे.

तोंवर इन्सुलिन घेणाऱ्यानें तें वेळच्या वेळीं घ्यावें, कुपी उन्हांत ठेवूं नये, आणि नव्या शोधाच्या बातमीवर विसंबून वैद्याच्या सल्ल्यावांचून सुई बंद करूं नये. १९२२ सालीं टोरोंटोंत जें औषध एका मुलाच्या शरीरांत कांहीं तास टिकलें, तें आज जगभर पोहोंचलें आहे. पण मस्तान नाक्यावरून पूर्वेकडे चढणाऱ्या वाटेवर तें पोहोंचणें व टिकणें या अजूनही दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. ताडगोळ्याच्या जाळ्यांत पाणी जसें भर उन्हांतही जागचें हलत नाहीं, तसें औषध एखाद्या जाळ्यांत धरून ठेवतां आलें, तर हें अंतर कांहीं अंशीं तरी तुटेल.